मुलांचें माप

वर्धा जिल्ह्यांतील कोणत्याहि अंगणवाडींत महिन्यांतून एकदां मुलांचीं वजनें घेतात. कोठें छताच्या कडीला ताणकांटा अडकविलेला असतो, कोठें जमिनीवर सपाट वजनकांटा असतो. मूल रडतें, कांटा हालतो. सेविका तो स्थिर होण्याची वाट पाहते आणि मग आंकडा लिहिते. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाभोंवतीं एक रंगीत पट्टी गुंडाळून घेर पाहतात. तो साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर तें मूल अति तीव्र कुपोषित ठरतें. ह्या वर्गास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅम’ आणि त्याहून किंचित् बऱ्या वर्गास ‘मॅम’ म्हणण्याची रीत पडली आहे. ‘सॅम बालकें’ हा शब्द आतां वर्तमानपत्रांतहि सर्रास आढळतो. आईनें ठेवलेलें नांव एक आणि कांट्यानें ठेवलेलें दुसरें, अशीं ह्या मुलांना दोन नांवें असतात. आमच्या आजच्या विचाराचा विषय हें दुसरें नांव आहे.

एखाद्या गांवांतील, तालुक्यांतील वा जिल्ह्यांतील मुलें सुखांत आहेत कीं नाहींत, हें मोजतां येतें काय? आणि मोजतां आलें, तर मोजणाराचें त्या मुलाशीं नातें कोणतें? ह्यांपैकीं पहिला प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे, आणि त्यांनीं त्याचीं बरींच उत्तरें दिलीं आहेत. दुसरा प्रश्न नीतीचा आहे. त्याच्याकडे फारसें कोणी वळत नाहीं, आणि आम्हांस तर तोच अधिक अवघड वाटतो.

सुशिक्षित घरांतून ह्या विषयावर एक आक्षेप हमखास ऐकूं येतो. मुलाचें सुख ही कांट्यावर ठेवण्याची वस्तु नव्हे; हंसणें, खेळणें, आईच्या कुशींत निर्धास्त झोंपणें ह्यांचें कोष्टक कसें मांडणार, असें विचारण्यांत येतें. हा आक्षेप दिसतो तितका उदात्त नाहीं, असें आमचें मत आहे. ज्या घरांतून तो येतो त्याच घराच्या दारावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. लशींचें कार्ड आईच्या कपाटांत जपलेलें असतें. गुणपत्रिका तर आल्यागेल्यास दाखविली जाते. आपल्या मुलांना आपण एकसारखें मोजतच असतों, आणि त्यांत आपल्याला कधीं क्रौर्य दिसत नाहीं. सुखाच्या अमेयतेची आठवण आपल्याला होते ती दुसऱ्याच्या मुलांची मोजदाद करण्याची वेळ आली म्हणजे. मापणें नाकारण्यांत पुष्कळदां फक्त पाहणें नाकारलेलें असतें.

न मोजलेल्या मुलाचें काय होतें, ह्याचा दाखला महाराष्ट्रांत अगदीं अलीकडचा आहे. डॉ. अभय बंग हे सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेंत वाढलेले वर्ध्याचे सुपुत्र. १९८६ पासून त्यांनीं व डॉ. राणी बंग ह्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ ही संस्था चालविली आहे. त्यांच्या पुढाकारानें राज्यांतील १३ स्वयंसेवी संस्थांनीं आपापल्या भागांतील बालमृत्यु मोजले आणि २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ ह्या नांवानें तो हिशेब लोकांपुढें ठेवला. सरकारी दप्तरांत नोंदलेल्या मृत्यूंपेक्षां प्रत्यक्षांत मेलेलीं मुलें कितीतरी अधिक निघालीं. ह्यांत कोणीं एकानें कट केला होता असें नव्हे. बारशापूर्वींच गेलेल्या अर्भकाचा जन्महि नोंदला जात नाहीं आणि मृत्यूहि नाहीं. घरच्यांना त्याचा उच्चार नको असतो आणि दप्तराला त्याची गरज नसते. अशा रीतीनें तें मूल दुसऱ्यांदा नाहींसें होतें. त्या मुलाच्या वतीनें उभा राहूं शकेल असा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे आंकडा. पुढें शासनानें बालमृत्यूंचें मूल्यमापन करण्यास जी समिति नेमली, तिचें अध्यक्षपदहि डॉ. बंग ह्यांच्याकडेच आलें.

परंतु गडचिरोलीच्या त्या कामांत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. तेथें नवजात बालकांचें वजन करणारी, श्वास मोजणारी, मृत्यु नोंदणारी स्त्री ही गांवांतलीच होती, आणि तिलाच अर्भकास ऊब कशी द्यावी व जंतुदोष झाल्यास औषध कसें द्यावें, हेंहि शिकविलेलें होतें. ३९ गांवांतील ह्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला; नवजात बालकांचे मृत्यु तेथें ६२ टक्क्यांनीं कमी झाले होते. मोजणारा हात आणि सांवरणारा हात तेथें एकच होता.

व्यवहारांत हिशेब दोघेजण ठेवतात. सावकार आपल्याला किती येणें आहे तें लिहितो. ऋणको आपल्याला किती देणें आहे तें लिहितो. आंकडा दोन्ही वह्यांत एकच असूं शकेल, परंतु वही उघडतांना दोघांच्या मनांतला भाव एक नसतो. मुलांची मोजदाद करणारा समाज ह्यांपैकीं कोणाच्या भूमिकेवरून वही उघडतो, ह्यावरच ती मोजदाद न्याय्य कीं अन्याय्य हें ठरतें, असें आम्हांस वाटतें.

देणेकऱ्याच्या वहीचें एक उत्तम उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं घालून दिलें. मुलांच्या वाढीचें मान ठरविण्याची जुनी रीत अशी होती कीं, एखाद्या देशांतील मुलें आहेत तशीं मोजावीं आणि त्यांची सरासरी हेंच प्रमाण धरावें. ह्या संघटनेनें प्रश्न फिरवून विचारला. ज्या मुलाला आईचें दूध मिळालें, ज्याच्या घरांत तंबाखूचा धूर नाहीं, ज्याच्या आजारास वेळेवर औषध मिळालें, तें मूल किती वाढतें? ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका ह्या सहा देशांतील अशीं मुलें निवडून मोजलीं, आणि दिल्लीचें मूल व नॉर्वेचें मूल पहिल्या पांच वर्षांत जवळजवळ सारखेंच वाढतें असें आढळलें. ‘आमचीं मुलें मूळचींच लहान चणीचीं’ हें आपलें जुनें समाधान त्या दिवशीं संपावयास पाहिजे होतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभरांतलीं ३६ मुलें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आहेत. २०१५-१६ मध्यें हा आंकडा जेवढा होता जवळजवळ तेवढाच २०१९-२१ मध्येंहि आढळला. ह्या ३६ मुलांविषयीं तक्ता असें मुळींच म्हणत नाहीं कीं तीं कमी प्रतीचीं आहेत. त्यांचें आपण कांहीं लागतों, एवढेंच तो सांगतो.

आतां दुसरी बाजू. तोच तक्ता सावकाराच्या हातीं गेला म्हणजे काय होतें? अंगणवाडींत एखादें मूल लाल पट्ट्यांत गेलें, तर पहिला प्रश्न सेविकेस येतो: हें कसें झालें? तिला मिळणारें मानधन किती, तिच्याकडे कामें किती, आहार वेळेवर आला कीं नाहीं, ह्यांची चौकशी मागाहून, बहुधा होतच नाहीं. अशा स्थितींत कांटा जरासा कलता वाचण्याचा मोह कोणास होणार नाहीं? अंगणवाड्यांच्या मासिक अहवालांत कुपोषित मुलें नेहमीं थोडीं आणि घरोघर जाऊन केलेल्या पाहणींत तीं पुष्कळ, ही तफावत ह्या विषयाच्या अभ्यासकांना जुनीच आहे. २०२१ सालीं सर्व नोंद मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्यें भरण्याचा हुकूम आला. दिलेले मोबाइल निकृष्ट निघाले, आणि भरावयाचें तें इंग्रजींत; तेव्हां महाराष्ट्रांतील हजारों सेविकांनीं ते शासनास परत केले. त्या आंदोलनाकडे केवळ नोकरीचें गाऱ्हाणें म्हणून पाहणें चुकीचें होईल. ज्या बाईला मुलाचें नांव, आईचें नांव आणि घरांतली चूल पेटली कीं नाहीं हें माहीत असतें, तिच्याकडून फक्त आंकडा मागितला जात होता, आणि तोहि तिला न कळणाऱ्या भाषेंत.

इंग्लंडनें हा अनुभव दीडशें वर्षांपूर्वींच घेतला होता. १८६२ पासून तेथील प्राथमिक शाळांचें अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर देऊं लागले. मुलें वाचनाचें पुस्तक इतकें पाठ करीत कीं तें हातांत उलटें धरलें तरी अडत नसे.

परंतु ह्या प्रश्नाचें खरें घर वर्धेंतच आहे, आणि तेथें थोडें थांबलें पाहिजे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद् भरली. त्या वर्षीं प्रांतोप्रांतीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं होतीं आणि त्यांच्यापुढें एक विलक्षण पेंच उभा होता. दारूबंदी करावी तर अबकारीचें उत्पन्न जातें, आणि त्या उत्पन्नावर तर शाळा चालतात. मुलांनीं शिकावें म्हणून बापांनीं प्यावें, हा हिशेब गांधीजींना असह्य झाला. त्यांनीं असें सुचविलें कीं, सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें, आणि मुलांच्या हातून जो माल निघेल त्याच्या उत्पन्नांतून निदान शिक्षकाचा पगार भागावा. परिषदेंत प्रा. के. टी. शहा ह्यांनीं ह्या दुसऱ्या भागास स्पष्ट विरोध केला. डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीनें त्याच डिसेंबरांत जो अभ्यासक्रम सादर केला, त्यांत साडेपांच तासांच्या दिवसापैकीं ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगास दिलेलीं होतीं आणि कोणत्या इयत्तेच्या मुलानें किती सूत काढावें ह्याचीं मानेंहि होतीं. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. मुलाची प्रगति गुंड्यांनीं मोजतां येईल असें माप प्रथमच आमच्या शिक्षणांत आलें.

हें माप चांगलें कीं वाईट? आमच्या पिढ्यांनीं ह्याचें उत्तर बहुधा थट्टेनें दिलें: ‘टकळी फिरवून का कोणी शहाणा होतो?’ ती थट्टा आम्हांस अन्यायाची वाटते. आपली तार किती वेळां तुटली, दर तासास गति किती, सूत किती नंबरचें, हें मूल स्वतः मोजीत होतें. त्यांतूनच त्याचें गणित आणि त्याची सचोटी घडावी अशी योजना होती. परीक्षकाच्या लांबून आलेल्या गुणांपेक्षां हें माप अधिक प्रामाणिक होतें, कारण तें मुलाच्या डोळ्यांदेखत होत होतें आणि त्याला पडताळतां येत होतें. तथापि त्याच गुंडीवर शिक्षकाचा पगार अवलंबून ठेवला, कीं लगेच तिचा अर्थ पालटतो. मग शिक्षकाला हळू कांतणारें मूल म्हणजे तोटा, आणि आजारी मूल म्हणजे खाडा वाटूं लागेल. झाकीर हुसेन समितीचें मोठेपण असें कीं, तिनें हा धोका आपल्याच अहवालांत लिहून ठेवला: आर्थिक बाजूवर भर देतांना शिक्षणाचा आणि संस्कृतीचा हेतु बळी पडण्याची भीति उघड आहे, असें तिनें बजावलें. आपल्या योजनेचें माप कोठें उलटूं शकेल हें योजनेंतच सांगणाऱ्या समित्या त्यानंतर आमच्या पाहण्यांत फारशा आल्या नाहींत. एकच गुंडी, परंतु मुलाच्या वहींत ती विद्या होती आणि शाळेच्या जमाखर्चांत ती मजुरी होती.

कोणी म्हणेल, मग ह्या सगळ्या मोठ्या माणसांना बाजूस सारून मुलांनाच कां विचारूं नये? विचार सरळ आहे, आणि जगानें तो मान्यहि केला आहे. १९८९ च्या बालहक्क संहितेचें बारावें कलम मुलाला स्वतःशीं संबंध असलेल्या बाबतींत मत मांडण्याचा हक्क देतें. भारतानें ती संहिता १९९२ सालीं स्वीकारली. २००७ सालीं युनिसेफनें २१ श्रीमंत देशांतील मुलांच्या स्थितीची तुलना केली, तेव्हां आरोग्य, शिक्षण, सांपत्तिक स्थिति ह्यांच्या जोडीला मुलें आपल्या जीवनाविषयीं स्वतः काय म्हणतात हेंहि एक अंग धरलें होतें. नेदरलंड पहिला आला आणि ब्रिटन शेवटचा. संपत्तीनें थोर असलेल्या त्या देशाला ह्या निकालाचा मोठाच धक्का बसला, आणि तेथें पुढें बालपणाविषयीं बरीच चौकशी झाली.

परंतु येथेंहि एक गुंता आहे. अमर्त्य सेन ह्यांनीं एका जुन्या पाहणीचा उल्लेख अनेकदां केला आहे. १९४४ सालीं, बंगालच्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षीं, कलकत्त्याजवळ सिंगूर येथें विधुरांना व विधवांना त्यांच्या प्रकृतीविषयीं विचारण्यांत आलें. आपण आजारी आहों अथवा प्रकृति बेताचीच आहे, असें सांगणारे विधुर शेंकडा ४८.५ निघाले, विधवा अवघ्या २.५. विधवांची प्रकृति खरोखरच इतकी ठणठणीत होती, असें कोण म्हणेल? तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे हेंच त्यांच्या मनांतून पुसलें गेलें होतें. मुलांचें, आणि विशेषतः मुलींचें, असेंच होतें. सकाळीं पाणी भरून, धाकट्या भावाला आवरून, दोन मैल चालून शाळेंत येणाऱ्या मुलीला ‘तूं सुखांत आहेस काय?’ असें विचारलें, तर ती हंसून ‘हो’ म्हणेल. तिचें हें ‘हो’ खोटें नाहीं, परंतु आपल्याला दोषमुक्त करणारा निकाल म्हणून तें वापरणें ही लबाडी आहे. शिवाय, अनोळखी माणसानें हातांत कागद धरून विचारलेला प्रश्न आणि मैत्रिणींच्या घोळक्यांत निघालेला विषय ह्यांत फार अंतर असतें. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनें वर्ध्याभोंवतालच्या खेड्यांत किशोरी पंचायती बसविल्या, त्यांचें मर्म आम्हांस येथें दिसतें. तेथें मुली एकमेकींत बसून बोलतात, आणि बोलण्याची संवय झाल्यावरच सांगण्यासारखें कांहीं आहे हें ध्यानांत येतें. विचारण्यापूर्वीं बोलूं देणें, हा मोजमापाचाच एक भाग मानला पाहिजे.

आतांपर्यंत ज्या मापांचा विचार केला, त्यांत निदान मूल तरी कांट्यावर होतें. वर्धा जिल्ह्यांत एक माप असें आहे कीं, त्यांत मोजला जातो बाप, आणि फळ भोगतें मूल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा प्रत्येक मृत्यूची शासकीय चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ हें ठरतें. सातबारा कोणाच्या नांवें होता, कर्ज बँकेचें, सोसायटीचें कीं परवानाधारक सावकाराचें, नापिकी होती काय, वसुलीचा तगादा होता काय, हे त्या तपासणींतले प्रश्न. पात्र ठरलेल्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत मिळत आली आहे. सरकारी पैसा द्यावयाचा तर कांहीं कसोटी लावावी लागते, हें आम्ही जाणतों. कसोटी लावणाऱ्या तहसीलदारास आम्ही निर्दय म्हणत नाहीं. परंतु दोन शेजारच्या घरांत एकाच हंगामांत बाप गेले. एकाचें शेत स्वतःच्या नांवें, दुसऱ्याचें अद्याप आजोबांच्या नांवें, किंवा कर्ज ओळखीच्या माणसाकडून तोंडी घेतलेलें. दोन्ही घरांतल्या मुलांचें वय सारखें, भूक सारखी, शाळा एकच. कागदावर मात्र एक मूल पात्र बापाचें आणि एक अपात्र बापाचें. त्या कसोटींतील एकहि प्रश्न त्या मुलाविषयींचा नाहीं. शाळा सुटली काय, आई मजुरीस जाऊं लागली काय, रात्रीं तें दचकून उठतें काय, हें विचारण्याचा कोणताहि रकाना नाहीं. मदतीची कसोटी मृत्यूच्या कारणावर कां असावी, मागें राहिलेल्या मुलांच्या गरजेवर कां नसावी, ह्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर मिळालेलें नाहीं.

मोजलेलें मग कोणास कळवावें, हाहि वादाचा मुद्दा आहे. सर्व कांहीं ग्रामसभेंत वाचून दाखवावें, असें उत्साही कार्यकर्ते म्हणतात. आमचें मत थोडें वेगळें आहे. आपल्या गांवांत लाल पट्ट्यांत किती मुलें आहेत ही संख्या गांवानें जरूर ऐकावी, दर महिन्यास ऐकावी. ती ऐकून सरपंचानें उत्तर द्यावें, आणि सरपंचाला ज्यांच्याकडून आहार व औषध यावयाचें त्यांनीं सरपंचाला द्यावें. परंतु तीं मुलें कोणाचीं, हें चारचौघांत वाचणें म्हणजे आधींच दबलेल्या आईला आणखी खालीं दाबणें होय. जी सेविका, जी परिचारिका, जो डॉक्टर त्या मुलाकडे जाणार आहे, त्याच्यापुरतेंच तें नांव असावें. जिल्ह्याच्या अहवालांत नांवहि नसतें आणि गांवहि नसतें. तेथें वर्धा शहर, हिंगणघाटची बाजारपेठ आणि कारंजा-आष्टीकडच्या डोंगराळ भागांतील वस्त्या एकाच सरासरींत विरघळतात. सरासरीवर कोणाचीच लाज अडत नाहीं, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय असावी.

आणि जीं मुलें त्या दिवशीं अंगणवाडींत आलींच नाहींत, त्यांचें काय? दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे आई भल्या पहाटे शेतावर जाते. तान्हें मूल धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळींत असतें, आणि त्याला संभाळणारी सहा-सात वर्षांची बहीणहि तेथेंच असते. इकडे नोंदवहींत त्यांच्या नांवापुढचा रकाना रिकामा राहतो. शेंकडेवारी काढतांना रिकामे रकाने सोडून देतात, कारण मोजलेल्यांतूनच भागणें भाग असतें. आणि बहुधा घरीं आराम असलेलीं मुलेंच आलेलीं असल्यामुळें त्या महिन्याची शेंकडेवारी थोडी सुधारलेलीहि दिसते. ती वर तालुक्यास जाते, तालुक्याहून जिल्ह्यास जाते. एखाद्या सेविकेला मात्र त्या रिकाम्या रकान्यांतलीं नांवें पाठ असतात. ती सायंकाळीं, वेचणीच्या बायका परतण्याच्या वेळेस, कांटा पिशवींत घालून त्या वस्तीकडे निघते. त्या फेरीची नोंद कोठेंच होत नाहीं.